ईसलच्या वाट्याची ओळ

मुखो, ६ मार्च

चि. ईसल,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमनने ते पेटीत न टाकता माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "बाई, आता पत्र कोण लिहितं?" ज्या मुलींचे फोन कंपनीने कपाटात ठेवले आहेत त्या लिहितात, असं मी त्याला सांगितलं. पहिला क्रमांक येईपर्यंत फोन मिळणार नाही, हा तुमचा नियम ऐकून तो हळहळला. मला तो नियम पटतो. तुझं अक्षर सुधारलं आहे.

तुझं म्हणणं मला नीट कळलं का ते बघ. तुमच्या ओनुल या गटाची दोन गाणी आली आणि दोन्ही पडली. आता तिसरं येणार. तेही पडलं तर कंपनी पाचजणींऐवजी चारजणी ठेवणार. कमी होणारी पाचवी कोण, ते "अजून ठरलेलं नाही" असं तू लिहितेस. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं आहे. अजून ठरलेलं नाही असं जी मुलगी सांगते, तिच्याचबद्दल ते ठरलेलं असतं.

तुझा आवाज खालच्या पट्टीतला आहे. तुला घेताना हे कंपनीला ऐकू आलं नव्हतं का? शाळेच्या वृंदात मी तुला पहिल्या दिवसापासून मागच्या रांगेत, खालच्या सुरात उभं केलं. तेव्हा तू रुसली होतीस. ते मी भाचीवर मेहेरनजर नको म्हणून केलं असं सगळे समजले. तसं नव्हतं. त्या सुरावर बाकीच्या उभ्या राहतात, म्हणून तिथे भरवशाची मुलगी लागते. तेव्हा तुमचा तो संचालक काहीही म्हणो, आवाज वर ढकलू नकोस. ढकललेला आवाज दोन वर्षांत फाटतो.

तू सोलला नाचायला गेलीस हे मला पसंत नव्हतं, आजही नाही. पण गेलीस ना, मग हाकलून दिलेली परत येऊ नकोस. स्वतःच्या मनाने आलीस तर गोष्ट वेगळी.

तुझ्या वडिलांचं जहाज अजून उत्तरेकडच्या समुद्रात आहे. तब्येत बरी आहे असा निरोप आला. यंदाचा पोलॉक मासा चांगला सुकला आहे, तो पाठवत आहे. शेजारच्या तेसुच्या आईने सुके माकुळही दिलेत, ते मी त्याच पार्सलमध्ये कोंबले आहेत.

तुझी आत्या,
बांग सुनोक


सोल, १५ मार्च

ती. आत्या,

वाकून नमस्कार. मासा पोहोचला. म्हणजे पार्सल पोहोचलं आणि मॅनेजरने ते जिन्यातच वासावरून पकडलं. "याने वजन वाढतं," म्हणाली. "सुक्या माशाने?" असं गाराम ताईने विचारलं, तर म्हणते, "मिठाने चेहरा सुजतो." मग सगळं ती स्वतःच्या खोलीत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिचाच चेहरा सुजलेला होता. आम्ही पाचजणी तिच्याकडे नुसत्या बघत राहिलो. ती म्हणाली, "काय आहे? झोप झाली नाही माझी."

गाराम ताई आमच्यात सगळ्यात मोठी आहे आणि वरचे सूर तीच गाते. तिचा आवाज तुम्हाला आवडेल. चुका काढाल, पण आवडेल.

नव्या गाण्याचं नाव 'दार उघडं आहे'. रेकॉर्डिंग झालं. कोणीतरी उशिरा घरी येतंय आणि घरातलं माणूस त्याच्यासाठी गातंय, असं ते गाणं आहे. तालावर पाय थांबत नाहीत. गीतकार बाईंनी बऱ्याच ओळी आमच्याशी बोलून लिहिल्या. माझ्या वाट्याला एकच ओळ आहे. शेवटच्या धृपदाच्या आधी सगळी वाद्यं थांबतात आणि मी खालच्या पट्टीत म्हणते, "भात झाकून ठेवलाय." बस, तेवढंच. मग ताई वरच्या सुरात धृपद उचलते.

ती ओळ कुठून आली ते मी सांगत नाही. गाणं ऐकलंत की तुम्हीच ओळखाल.

तुम्ही पाचवीबद्दल लिहिलंत त्यावर मी काही बोलत नाही. आवाज वर ढकलत नाहीये, एवढं नक्की.

तुमची,
ईसल


मुखो, १४ एप्रिल

चि. ईसल,

अनेक आशीर्वाद. गाणं ऐकलं. तेसुच्या आईच्या दुकानात, माकुळांच्या जुड्या बांधता बांधता, मी बाजारातल्या बायकांचा वृंद चालवते, त्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. चाल चांगली आहे. दुसऱ्या कडव्यात ढोल जास्त झाला आहे. गाराम या मुलीचा श्वास ओळीच्या मध्येच तुटतो, तिला सांग की खांदे उचलून श्वास घेऊ नये. पण सूर पक्का आहे.

आता तुझ्या ओळीबद्दल. बाकीच्यांच्या वाट्याला चंद्र आला, वारा आला, गल्लीतला दिवा आला. तुला भात. माझा संताप झाला, आणि मी तो लपवत नाही. बंदरगावातून आलेली मुलगी, तिला स्वयंपाकघरात बसवा, असाच हिशेब त्यांनी केला ना? आवाज मात्र तू लावलास तसा लावावा. सरळ, जमिनीवर पाय ठेवून. ती ओळ मी पुन्हा लावून ऐकली ती फक्त आवाजासाठी.

दुसरी गोष्ट. प्रेक्षकांनी कुठे काय ओरडायचं याचा तक्ता तुमच्या कंपनीने छापला आहे, तो मी पाहिला. गाण्यात ओरडावं का, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. पण तुम्हा पाचजणींची नावं लागोपाठ ओरडायची जागा त्यांनी नेमकी तुझ्या ओळीवर ठेवली आहे. वाद्यं थांबली की तू गाणार आणि त्याच वेळी सभागृह किंचाळणार. मग तुला गायला लावलंच कशाला? हे अडाणीपणातून झालं की मुद्दाम, ते मला कळव.

तो तक्ता तेसुच्या आईकडे होता. तिने तुमच्या फॅन क्लबात नाव घातलं आहे. तिथे आधी परीक्षा घेतात आणि त्यात ती नापास झाली. 'ईसलला सगळ्यात जास्त काय आवडतं?' या प्रश्नाला तिने 'सुक्या पोलॉकचं कालवण' लिहिलं. ते चूक. बरोबर उत्तर 'स्ट्रॉबेरीचा केक'. स्ट्रॉबेरी खाल्ली की तुझ्या अंगावर पुरळ उठतं, दोनदा डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं. 'ईसलचा स्वभाव कसा?' याला तिने 'हट्टी' लिहिलं. तेही चूक, 'सदा हसतमुख' हवं होतं. शेवटी त्या बिचारीने सगळी खोटी उत्तरं पाठ करून परीक्षा दिली, तेव्हा कुठे आत घेतलं. दुसऱ्या वेळी चांगले गुण पडले.

जेवतेस का, ते लिहीत नाहीस.

आत्या


सोल, २१ एप्रिल

ती. आत्या,

वाकून नमस्कार. तेसुच्या आईला सांगा की एवढी खोटी उत्तरं पाठ करणारी माझी दुसरी कोणी चाहती नसेल. आणि स्ट्रॉबेरीचं डॉक्टरकडचं प्रकरण तुम्हाला बरं इतकं आठवतं.

मी जेवते. कंपनी देते ते जेवते.

गाणं चाललेलं नाही. खोटं कशाला लिहू? पहिल्या दिवशी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत खाली कुठेतरी होतं, तिसऱ्या दिवशी यादीबाहेर गेलं. लोक माझ्या ओळीवर हसतात. "खाणावळीतली मावशी मध्येच कशी आली?" असं एकाने लिहिलं, आणि तेच सगळीकडे फिरलं. गाराम ताई मला ते वाचू देत नव्हती, पण मॅनेजरने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं.

तक्त्याचं तुम्ही विचारलंत. ना अडाणीपणा, ना मुद्दाम. संचालक म्हणाले की तिथे वाद्यं थांबतात, रिकामी जागा वाईट दिसते, ओरडण्याने भरून काढू. माझी ओळ त्यांना रिकामी जागाच वाटली. आता ती काढायची ठरली आहे. येत्या शुक्रवारी टीव्हीच्या कार्यक्रमात शेवटची म्हणायची, पुढच्या आठवड्यापासून तिथे फक्त ओरडणं. मग गाण्यात माझं काही उरत नाही, फक्त नाच. आणि जिचं गाण्यात काही नाही तिला काढताना कोणाला बाकीचे आवाज नव्याने जुळवावे लागत नाहीत. पाचवी कोण, हे आता मीही विचारत नाही.

शुक्रवारी कृपा करून येऊ नका. तुमचं येण्याचं काही बोलणं नाही हे मला माहीत आहे, तरी सांगते. मला तुमच्यासमोर हरायचं नाही. आणि ती ओळ ऐकू न येताना तुम्ही बसून राहाल, ते मला दिसेल.

आत्या, ती ओळ तुम्हाला ओळखीची वाटली नाही का? जाऊ दे.

ईसल


मुखो, २ मे

चि. ईसल,

शुक्रवारी मी घरीच होते. छपराचं काम चालू होतं, माणसं आली होती, त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच. कार्यक्रम टीव्हीवर पाहिला. तू बरोबर गायलीस.

सोलच्या त्या सभागृहाबाहेर म्हणे उन्हात रांग लावतात आणि आत बसायला खुर्च्याच नसतात. असं असेल तर ते चूक आहे. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे सगळेच सारखे नसतात. गुडघ्याला लावायचं मलम तुमच्याकडे चांगलं मिळतं असं ऐकते. ते पाठवू नकोस. मी आणलं आहे. इथूनच.

हरणं काय आणि जिंकणं काय, सूर लागला की नाही एवढं बघावं. तो लागला.

आत्या


सोल, ११ मे

ती. आत्या,

वाकून नमस्कार. छपराचं काम छान झालं असेल. तुम्ही टीव्हीवर पाहिलंत म्हणता, तर टीव्हीवर जे दिसलं नाही ते मी सांगते.

आमच्याआधी एका मोठ्या गटाचं गाणं होतं. त्यांचे लोक गेले आणि आमचे आत आले, थोडेसेच, शाळा-कॉलेजातल्या मुली बऱ्याच. आणि मधोमध, सगळ्यांच्या पुढे, उन्हाच्या मोठ्या झापडाच्या टोप्या घातलेल्या सात-आठ बायका. बाजारात बसतात तशा. प्रत्येकीच्या हातात चाहते हलवतात तो आमच्या गटाचा दिवा, आणि तो मेणबत्तीसारखा अगदी सरळ धरलेला. गाराम ताई माझ्या कानात म्हणाली, "हे कोणाचे लोक? चर्चमधून आले का?" मला दिव्यांच्या उजेडात तोंडं दिसत नव्हती.

गाणं सुरू झालं. त्या बायकांचं ओरडणं मी जन्मात विसरणार नाही. मुली नुसत्या किंचाळत होत्या आणि या बायका तक्त्याप्रमाणे, तालात, एकही अक्षर न गाळता. दुसऱ्या कडव्यापर्यंत आजूबाजूच्या मुलीही त्यांच्या मागोमाग ओरडायला लागल्या. मग वाद्यं थांबली. आता आमची नावं ओरडायची जागा. मी श्वास घेतला. आणि पुढच्या रांगेतून एक हात वर गेला. राखाडी हातमोजा, अंगठा आत घालून मिटलेली मूठ. आणि सगळं सभागृह गप्प झालं.

आत्या, शाळेच्या वृंदात गायलेली कुठलीही मुलगी ती मूठ बघून तोंड मिटेलच. तिथल्या प्रत्येकीला कुठल्या ना कुठल्या गावच्या बाईंनी अशीच मूठ दाखवलेली असणार. मी म्हटलं, "भात झाकून ठेवलाय." माझाच आवाज मला भिंतीवर आपटून परत ऐकू आला. इतकं शांत होतं की ताईला पुढचं धृपद उचलायला अर्धी मात्रा उशीर झाला. तुम्हाला ते समजलंच असेल. टीव्हीवरून.

त्या शांततेच्या व्हिडिओचा तुकडा कोणीतरी इंटरनेटवर टाकला आणि तो सगळीकडे गेला. खाणावळीतली मावशी म्हणणारेच आता लिहितात की आम्ही इथे एका खोलीत एकटे राहतो, हे ऐकलं आणि घरी फोन केला. काल गाणं यादीत परत आलं. आज वर गेलं. दुसऱ्या कार्यक्रमातही त्या जागी सगळे गप्प राहिले. कोणी मूठ दाखवली नाही, आपणहून राहिले. फॅन क्लबने नवा तक्ता काढलाय. त्यात माझ्या ओळीपुढे लिहिलंय, 'इथे कोणीही ओरडायचं नाही.'

संचालकांनी ओळ ठेवली आहे. परवा जिन्यात भेटले, तर म्हणाले, "ती शांततेची कल्पना मला पहिल्यापासून होती." मी वाकून हो म्हटलं.

त्या राखाडी हातमोज्याचं उजव्या हाताचं मधलं बोट निळ्या लोकरीने रफू केलेलं होतं. ते रफू मी केलंय. सातवीत असताना.

तुमची,
ईसल


मुखो, २० मे

चि. ईसल,

अनेक आशीर्वाद. बरं, आले होते. तू 'येऊ नका' असं लिहिलं होतंस, आणि मला कुठे जायचं ते भाचीला विचारून ठरवायची सवय नाही.

मूठ दाखवली ती तुझ्यासाठी दाखवली असं समजू नकोस. एकटी गाणारी गाते तेव्हा वृंद गप्प राहतो, हा साधा नियम आहे. त्या जागी गाराम असती तरी मी तेच केलं असतं. शिवाय त्या मुलींच्या ओरडण्याला काही शिस्त नव्हती. आमच्या बायकांची मी पंधरा दिवस तालीम घेतली होती, माकुळं बांधता बांधता. नवीन तक्त्याबद्दल फॅन क्लबला माझा निरोप दे: 'ओरडायचं नाही' असं लिहू नये, 'ऐकायचं' असं लिहावं.

आता दुसरं. परतीच्या बसमध्ये तेसुची आई माझ्या शेजारी होती. आमच्यात जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ती म्हणाली, "सुनोक, तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"अगं, ते भाताचं वाक्य तुझं आहे."

"माझं कशाला असेल? कंपनीने लिहिलंय."

"माझी भिंत तुझ्या भिंतीला लागून आहे. पोरगी गांगनुंगला नाच शिकायला जायची आणि शेवटच्या बसने यायची, ती सगळी थंडी तू तिच्याशी अबोला धरलास. दार वाजलं की आतल्या खोलीतून तेवढं एकच बोलायचीस. भात झाकून ठेवलाय. मग दिवा बंद. मी माझ्या नवऱ्याला म्हणायचे, झालं बघ, बाईंचं आजचं भाषण संपलं."

मी म्हटलं, "असं घरोघरी म्हणतात."

"मग सभागृह गप्प का बसलं असं वाटतं तुला? तुझ्या मुठीला भिऊन?"

"अर्थात मुठीला," मी म्हटलं. मागच्या सीटवरच्या सगळ्या हसल्या. मी घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

ईसल, ते वाक्य मी ऐकलं तेव्हा मला त्यात अपमान दिसला. ते माझं आहे हे मला कळलं नाही. रोज बोललेलं माणसाला ऐकू येत नाही, दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. तू मार्चच्या पत्रात म्हणाली होतीस की ऐकताच ओळखाल. मी शिक्षिका आहे, माझं चुकलं की मी चुकलं म्हणते. ओळखलं नाही. आता ओळखलं.

अबोल्याबद्दल मी काही म्हणत नाही. नाच मला तेव्हाही पसंत नव्हता. पण भात गरम असायचा की नाही?

आत्या


सोल, १८ जून

ती. आत्या,

वाकून नमस्कार. गरम असायचा. गरम राहावा म्हणून रजईखाली ठेवलेली ती झाकणाची वाटी काढताना हात भाजायचे.

आता सांगतेच. गीतकार बाईंनी आम्हाला समोर बसवून विचारलं होतं की घरी उशिरा येणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल. ताईने चंद्र सांगितला, दुसरीने वारा. माझी पाळी आली तर मला काही सुचेना. उशिरा येणारी मीच होते, आणि मला काय म्हणायचे तेवढंच माहीत होतं. मी ते म्हटलं. सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कोण म्हणायचं?" मी म्हटलं, "माझी आत्या. तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ही ओळ तूच गा. दुसरीला देऊ नकोस."

काल आम्ही पहिल्या आलो.

नाव पुकारलं तेव्हा गाराम ताई खालीच बसली. मग नेहमीसारखं पुन्हा गायचं होतं. पहिला क्रमांक आला की गाणं परत म्हणायचं, आणि त्या वेळी मागे मदतीला रेकॉर्ड केलेला आवाज नसतो. म्हणून सगळा देश तेवढं कान देऊन ऐकतो, कोणाला खरंच गाता येतं ते बघायला. ताई रडत होती, धाकटी रडत होती. मी रडले नाही. तुम्ही म्हणता ना, रडायचं असेल तर गाणं संपल्यावर. मी खालचा सूर धरला, ते माझं काम नव्हतं, पण धरला, म्हणजे त्यांना उभं राहायला काहीतरी असावं. ताई हळूहळू त्यावर आली, मग बाकीच्या. माझी ओळ आली. सभागृह गप्प, सूत्रसंचालक गप्प, कागदाचे रंगीत तुकडे तेवढे वरून पडत होते. मी म्हटलं. मग ताईने धृपद उचललं, आणि खांदे उचलले नाहीत. तुमचा निरोप तिने आरशावर चिकटवून ठेवलाय.

लोकांनी ताईचं फार कौतुक केलंय, की रडतानाही सूर सुटला नाही. एका जुन्या संगीतकाराने लिहिलं की तो का सुटला नाही हे कळायचं असेल तर खालचा आवाज ऐका. ताईने ते वाक्य मॅनेजरला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलं.

ओनुल पाचजणींचीच राहणार. कंपनीने सांगितलं. पुढच्या गाण्यात माझ्या दोन ओळी आहेत.

फोन परत मिळाले. मी पहिला फोन तुम्हाला केला. तुम्ही उचलला नाहीत. पुन्हा केला, तुम्ही कापलात. तिसऱ्यांदा उचलून म्हणालात, "मला विमा नको आहे," आणि ठेवून दिलात. म्हणून हे पत्र.

छुसॉकच्या सुगीच्या सणाला तीन दिवस सुट्टी मिळतेय. मी येऊ का?

ईसल


मुखो, २५ जून

चि. ईसल,

अनेक आशीर्वाद. अनोळखी नंबर मी उचलत नाही. यापुढे उचलीन. रोज करू नकोस, पत्रं चालू ठेव, नाहीतर अक्षर पुन्हा बिघडेल.

ते पुन्हा गायलेलं मी ऐकलं. त्याबद्दल एवढंच लिहिते की मागच्या रांगेत तुला उभं केलं ते बरोबर केलं होतं. इथल्या वृंदाला मी ते ऐकवलं आणि सांगितलं की खालच्या सुराचं काम काय असतं ते बघा. तेसुची आई म्हणाली, "बघतोय बाई, गेली वीस वर्षं सांगतेस." मग तिनेच डोळे पुसले आणि माकुळाचं मीठ डोळ्यात गेलं म्हणाली.

चौकात तुझ्या नावाचं कापड लागलं आहे. कोणाचा मुलगा न्यायाधीश झाला की लागतं, त्याच जागी. बाजार समितीने मजकूर मला दाखवायला आणला होता: 'मुखोची लाडकी परी बांग ईसल, पहिला क्रमांक'. मी 'लाडकी परी' खोडलं. त्यांनी विचारलं, मग काय लिहू? मी म्हटलं, 'मुखोची बांग ईसल, खालचा सूर'. ते म्हणाले, कोणाला कळणार? ज्यांना कळायचं त्यांना कळेल, असं म्हणून मी तेच लिहून घेतलं. येणारे-जाणारे वर बघतात. पोस्टमन सायकलवरून उतरून बघतो. सबंध बाजारात तांदळाच्या वड्या वाटल्या. तो खर्च तेसुच्या आईने केला असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, तूही तेच सांग.

तुझ्या वडिलांच्या जहाजावर ते गाणं लावतात. तुझी ओळ आली की इंजिनघरातली माणसंही हात थांबवतात, असा निरोप आला आहे. तो नंतर दोन दिवस कोणाशी बोलला नाही म्हणे. आमच्या घराण्यात हे असंच.

सणाला येऊ का, हे विचारायची गोष्ट नाही. शेवटच्या बसने येशील, कारण कंपनी त्याआधी सोडायची नाही. चालेल. मात्र त्या दिवशी भात झाकून ठेवणार नाही. मी जागी असेन. तू आलीस की पातेल्यातून वाढीन, आणि दोघी बसून जेवू.

आत्या